दोन बोटं आणि एक भिंत

*पत्र:*

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची अकरा माणसं अमृतसरला गेलो होतो. माझी मुलगी वीस वर्षांची, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. जालियनवाला बागेत गोळ्यांच्या खुणांच्या भिंतीपाशी तिने सेल्फी काढला. डोक्यावर गॉगल, दोन बोटांची खूण, ओठांचा चंबू. वाघा बॉर्डरवरून हॉटेलवर परत येईपर्यंत तो इन्स्टाग्रामवर गेलाही होता, वर कसलंसं गाणं लावून. माझे मोठे दीर इतिहासाचे शिक्षक होते, आता रिटायर झालेत. त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हेच का संस्कार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मीही ग्रुपवरच तिला बोलले. "तुझ्यासारख्यांसाठी मेले का ते लोक?" असं लिहिलं. तिने फोटो काढून टाकला आणि एकच ओळ लिहिली: "आणि त्या लाल स्मारकासमोरचा आपला ग्रुप फोटो? त्यात तर सगळेच दात दाखवतायत." मग ग्रुप सोडला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

फेब्रुवारीत ती कॉलेजच्या स्टडी टूरबरोबर बर्लिनला जाणार आहे. तिथलं ज्यूंचं स्मारक त्यांच्या अभ्यासातच आहे म्हणे. परक्या देशात हिने पुन्हा असंच काही केलं तर? मी चुकले का? आणि आता तिला सांगू तरी काय?

— एक आई, नाशिक

*उत्तर:*

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून कपाटातला जुना अल्बम काढला. पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल. कोठडीचे गज दोन्ही हातांनी धरून, चेहरा पाडून मी उभी आहे. नवरा म्हणाला होता, "जरा कैद्यासारखा चेहरा कर." केला. तेव्हा रोल छत्तीस फोटोंचा असायचा, त्यामुळे हा काही घाईगडबडीत निघालेला फोटो नाही. चांगली पोझ घेऊन काढलेला आहे. मी त्यात हसत नाहीये, म्हणून आजवर मला कुणी बोललं नाही. उलट सासूबाई म्हणाल्या होत्या, छान आलाय. तुमच्या लेकीच्या चंबूपेक्षा माझं ते उसनं दुःख मला आज जास्त खटकतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी तुमच्या मुलीचा फोटो चुकला असं म्हणणार आहे, आणि ते उंचावर बसून म्हणायची माझी लायकी नाही.

फोटो चुकलाच. पण कशामुळे चुकला, ते बघू या. ती हसली म्हणून चुकला, असं तुम्हाला आणि तुमच्या दिरांना वाटतंय. मला तसं वाटत नाही. १३ एप्रिल १९१९ ला बैसाखी होती. आसपासच्या खेड्यांतून लोक सणासाठी अमृतसरला आले होते. दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, माथा टेकला, गुरांच्या बाजारात चक्कर मारली आणि मग बागेत येऊन टेकले, असे कितीतरी. सभेसाठी आलेले होते, तसे नुसते सावलीला बसलेले आणि पोरांना खेळायला सोडलेलेही होते. सभाबंदीची दवंडी शहरात सकाळी फिरली होती, पण ती सगळीकडे पोचली नव्हती. म्हणजे पाच वाजेपर्यंत त्या बागेत हसण्याखिदळण्याचे आवाज असणारच. मग जनरल डायर पन्नास बंदूकवाले घेऊन आत आला आणि कसलाही इशारा न देता त्याने गोळीबार सुरू केला. साधारण दहा मिनिटं, १६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशी समितीचा हजाराच्या घरातला. मशीनगन लावलेल्या दोन चिलखती गाड्याही त्याने आणल्या होत्या, पण गल्ली अरुंद म्हणून त्या बाहेरच राहिल्या. आत जाऊ शकल्या असत्या तर वापरल्या असत्या, हे त्याने सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

तेव्हा हसू त्या बागेला परकं नाही. तुमच्या मुलीने चूक केली ती वेगळी. तिने भिंतीचा पडदा केला. पूर्वी जत्रेतल्या फोटोवाल्याकडे ताजमहालाचा पडदा असायचा ना, पुढे नवरा-बायको स्टुलावर बसलेले, तसा. मागे ताजमहाल असो की काश्मीर, पडद्याला काही फरक पडत नाही. ही भिंत मात्र साक्षीदार आहे. साक्षीदाराकडे पाठ करून आपण आपलाच चेहरा न्याहाळत बसलो, तर त्याला बोलता येत नाही.

इथे एका माणसाबद्दल सांगायलाच हवं, कारण तो आपल्या मुंबईचा. नारायण विनायक विरकर नावाचे फोटोग्राफर होते. हत्याकांडानंतर ते अमृतसरला गेले आणि त्यांनी त्या बागेचे, गोळ्यांच्या खुणांच्या भिंतींचे फोटो काढले. काही फोटोंत भिंतीशेजारी माणसंही उभी आहेत. तो काळ आठवा. पंजाबात मार्शल लॉ, बातम्या दाबलेल्या. इकडे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना त्याच एप्रिलमध्ये सरकारने उचलून विलायतेला रवाना केलेलं. असं काही झालंच नाही, किंवा झालं ते इतकं काही नव्हतं, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर टाकायला त्या वेळी तो फोटो होता. भिंत तीच, शेजारी उभा माणूसही आहे. पण तो माणूस भिंतीसाठी उभा आहे. तुमच्या मुलीच्या फोटोत भिंत तिच्यासाठी उभी आहे. तिला समजवायचंच असेल तर हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा, बाकी भाषणाची गरज पडणार नाही. आर्किटेक्चरची मुलगी आहे, फ्रेममध्ये काय पुढे आणि काय मागे हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळतं.

आता तिच्या त्या एका ओळीकडे येते. तुम्ही पत्रात ती लिहिलीत आणि तिच्यावर एक शब्द न बोलता पुढे गेलात. ग्रुप फोटोबद्दल ती बरोबर बोलतेय, ताई. अकरा माणसं लाल स्मारकासमोर, "सगळ्यांनी इकडे बघा, हसा"! तिचा फोटो दिखाऊ आणि आपला आठवणीसाठी, असं म्हणायचा मोह होईल, पण ते टिकायचं नाही. (तुमच्या दिरांनी तो स्टेटसला ठेवला नव्हता ना, हे एकदा हळूच बघून घ्या.) फरक फक्त वयाचा आणि पोझचा आहे. आपल्या पिढीने ओळीत उभं राहून जे केलं, ते ही पोरं हात लांब करून करतात.

आणि मुळात तिथे किती वेळ होतात तुम्ही? मला त्या सहलींचं वेळापत्रक पाठ आहे. सकाळी सुवर्णमंदिर, लंगर, मग बाग, कुलचा खायला तिघं मागे राहिलेले, आणि तीनच्या आत वाघ्याला निघायचं म्हणून टूर मॅनेजर घड्याळ दाखवतोय. "वीस मिनिटं, फोटो काढून घ्या." फोटो काढून घ्या, ही तिथे पोचल्यावर कानावर पडलेली पहिली सूचना असेल, तर पोरीने फोटोच काढला. वीस मिनिटांत एका जागेकडून आणखी काय घेणार? तुमच्या दिरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्या भिंतीपाशी त्यांनी तिला काही सांगितलं का, हे तुमच्या पत्रात नाही. स्क्रीनशॉट मात्र आहे.

मी त्यांच्या जागी असते तर रतन देवीची गोष्ट सांगितली असती. बागेजवळच तिचं घर. गोळीबाराचा आवाज ऐकून ती धावली आणि प्रेतांच्या ढिगात तिला नवरा सापडला. देह घरी न्यायला खाट हवी होती, पण आठपासून संचारबंदी, कुणी यायला धजेना. ती तिथेच बसून राहिली. कुत्री येत होती म्हणून एक बांबू शोधून हातात धरला. शेजारी बारा-एक वर्षांचा मुलगा जखमी होऊन तळमळत पडला होता. जाऊ नकोस म्हणाला. नवऱ्याचा देह सोडून मी कुठे जाणार, असं तिने त्याला सांगितलं. थंडी वाजते का, पांघरूण घालू का, म्हणून विचारलं. त्याने पाणी मागितलं. पाणी तिथे मिळण्यासारखं नव्हतं. सबंध रात्र तिने तशी काढली. हे सगळं तिने स्वतः काँग्रेसच्या चौकशी समितीला सांगितलेलं आहे, नंतर कुणी रचलेलं नाही.

स्वतःचा नवरा मेलेला, आणि परक्याच्या पोराला पांघरूण विचारते. एवढं ऐकल्यावर फोन हातात असला तरी चंबू होत नाही, असा माझा अंदाज आहे. झालाच तर मग आपण रागावू.

अर्थात जागेचंही थोडं बघायला हवं. २०२१ साली बागेचं नूतनीकरण झालं. ज्या अरुंद गल्लीतून बंदुका आत आल्या, तिच्या दोन्ही भिंतींवर आता शिल्पं आहेत, जीव वाचवायला लोकांनी उड्या टाकल्या त्या विहिरीवर काच आहे, रात्री प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम होतो. त्यावर बरीच टीका झाली आणि ती मला पटते. ती गल्ली उघडीबोडकी होती तेव्हा तिच्यात शिरताना खांदे आपोआप आत यायचे. आता तिथे माणूस थांबून फोटो काढतो, कारण फोटो काढण्यासारखं तिथे काहीतरी लावून ठेवलंय. सजवलेल्या जागेत नटून उभं राहिल्याबद्दल फक्त वीस वर्षांच्या पोरीला धरायचं, हे बरं नाही. या जागेचं काय करायचं याबद्दल मोठ्यामोठ्यांचंही कधी एकमत नव्हतं. हत्याकांडाच्या निषेधार्थ ज्यांनी 'सर' ही पदवी परत केली, त्या रवींद्रनाथ टागोरांनीच वर्षभरात स्मारकाच्या कल्पनेला नकार दिला होता. अन्यायाची काळी आठवण दगडात बांधून पुढच्यांच्या माथी कशाला मारायची, असा त्यांचा सूर होता. गांधीजींना स्मारक हवं होतं, पण द्वेषासाठी नको होतं. शेवटी लोकवर्गणीतून जागा विकत घेतली गेली. मला गांधीजींचं पटतं. पण टागोरांचा मुद्दा वाचला की अजूनही थबकायला होतं.

मग तुम्ही. तुमचं काय चुकलं, हे तुम्ही सरळ विचारलंय तर सरळच सांगते. "तुझ्यासारख्यांसाठी मेले का ते लोक?" हे वाक्य चुकलं. ते कुणासाठी मेले नाहीत, ताई. ते मारले गेले. बैसाखीला आले होते, संध्याकाळी घरी जायचं होतं. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, आदराने म्हणतो. पण त्या शब्दाबरोबर त्यांनी जणू ठरवून प्राण दिले, आणि आता आपण त्या उपकाराची फेड करायची, असं काहीतरी आत शिरतं. बारा वर्षांच्या त्या पोराने काही दिलं नव्हतं. त्याला पाणी हवं होतं.

आणि ते वाक्य तुम्ही लिहिलंत कुणासाठी? मुलीसाठी असतं तर तिच्या खोलीत जाऊन बोलला असतात. ते ग्रुपवर लिहिलंत, दिरांनी, जावेने, सगळ्यांनी वाचावं म्हणून. माझ्या घरचे संस्कार ठीक आहेत, हे दाखवायला. मी समजू शकते. सासरच्या माणसांसमोर कानकोंडं होणं काय असतं ते मलाही माहीत आहे. पण तिने मेलेल्यांना आपल्या चेहऱ्यामागे उभं केलं, तुम्ही त्यांना आपल्या अब्रूपुढे उभं केलंत. गज धरून उभी असलेली मी तर तिसरीच. तिघींनी त्यांचा वापरच केला.

बर्लिनकडे वळते, कारण तिथे नेमकं हेच घडून गेलंय. ब्रांडेनबुर्ग गेटजवळ नाझींनी मारलेल्या ज्यूंचं, काँक्रीटच्या २७११ ठोकळ्यांचं ते स्मारक आहे. पीटर आयझेनमन या वास्तुविशारदाचं, २००५ मध्ये खुलं झालेलं. ठोकळ्यांवर नाव नाही, तारीख नाही. लोक त्यांच्यावर चढतात, उड्या मारतात, योगासनं करतात, डेटिंग अ‍ॅपसाठी फोटो काढतात. २०१७ च्या जानेवारीत शाहक शापिरा नावाच्या बर्लिनमध्ये राहणाऱ्या इस्रायली लेखकाने असे बारा फोटो उचलले आणि त्यांतली माणसं जशीच्या तशी ठेवून मागे छळछावण्यांतले खरे मृतदेह जोडले. आठवड्याभरात पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. त्या बाराही जणांपर्यंत ते पोचलं आणि जवळजवळ सगळ्यांनी माफी मागून आपले फोटो काढून टाकले. मग शापिरानेही आपलं पान उतरवलं.

मला तो प्रकार आधी फार आवडला होता. आता तितका आवडत नाही. त्या मृतदेहांना तरी कुणी विचारलं होतं, की तुम्हाला एका टवाळ पोराला धडा शिकवायला वापरू का? पण एक गोष्ट शापिराने नीट केली. माफी मागणाऱ्याला परतीची वाट ठेवली. मला लिहा, मी फोटो काढून टाकतो, असं त्याने सांगून ठेवलं होतं. तुमच्या ग्रुपवर अशी वाट नव्हती. तुमच्या मुलीने फोटो काढून टाकला तरी दिरांचा स्क्रीनशॉट तिथेच आहे. अजूनही आहे, हो ना?

खुद्द आयझेनमन यांचं म्हणणं तर अगदी वेगळं. लोक इथे डबे खातील, मुलं पकडापकडी खेळतील, मॉडेल फोटो काढतील, हे त्यांनी आधीपासूनच धरलं होतं. माझ्या स्मारकाखाली कुणी पुरलेलं नाही, हे रोजच्या वावराचं ठिकाण आहे, असं ते म्हणाले. हा फरक महत्त्वाचा. पोलंडमधल्या आउशवित्झ या नाझी छळछावणीची गोष्ट निराळी. तिथे अकरा लाख माणसं प्रत्यक्ष मारली गेली. रेल्वेच्या रुळांवर तोल सांभाळत चालतानाचे फोटो येऊ लागले तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या संग्रहालयाला लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं, की तोल सांभाळायला शिकण्यासाठी याहून बऱ्या जागा आहेत. जिथे रक्त सांडलं ती जागा आणि आठवणीसाठी बांधलेली जागा, दोन्हींकडे एकाच मापाने बघायचं का, हा प्रश्न तुमच्या मुलीला परीक्षेतही येऊ शकतो. तिच्याशी त्यावर बोला. म्हणजे तुम्ही विचारा, तिला सांगू दे.

तिला एवढं मात्र जरूर सुचवा, की ठोकळ्यांत हिंडायच्या आधी खाली तळघरात जा. तिथे माहितीकेंद्र आहे आणि त्यात एक अंधारी खोली आहे. मारल्या गेलेल्या एकेकाचं नाव भिंतीवर उमटतं आणि त्याची चार ओळींची हकीकत वाचून दाखवतात. सगळ्यांची अशी वाचायची म्हटली तर साडेसहा वर्षांहून जास्त काळ लागेल. तिने अर्धा तास बसावं. मग वर येऊन तिला वाटेल ते करू दे, सेल्फीसुद्धा.

बर्लिनच्या फुटपाथांवरही बघायला सांगा. दहा सेंटिमीटरच्या छोट्या पितळी पाट्या नाझींच्या बळींच्या घरांसमोर जमिनीत बसवलेल्या असतात. 'इथे राहत होते', पुढे नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने हे सुरू केलं. वाचायचं तर वाकावं लागतं. फोटो काढला तर त्यात आपले बूट येतात, चेहरा येत नाही. मला ही स्मारकाची सगळ्यात हुशार कल्पना वाटते.

सांगायचं काय, ते आता. माफी ग्रुपवरच मागा, कारण अपमान तिथेच झाला. ती ग्रुपवर नाही म्हणता? मग तिला स्क्रीनशॉट पाठवा, त्याची सवय घरात आहेच. दोन ओळी पुरेत. "मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. ग्रुप फोटोबद्दल ती म्हणाली ते खरं आहे." पुढे 'पण' लिहायचा नाही. 'पण' आला की माफी गेली. दिरांशी तुम्ही बोलायला जाऊ नका, ते तुमच्या मिस्टरांचं काम आहे. भाऊ त्यांचा आहे. तो स्क्रीनशॉट काढून टाका, एवढंच त्यांनी सांगायचं.

फोटोचा विषय लगेच काढू नका. चार दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे, एकदा विचारा: त्या फोटोतून तू स्वतःला वजा केलंस तर मागे काय उरतं? आणि आमच्या ग्रुप फोटोतून आम्हाला वजा केलं तर? कदाचित ती चिडेल. कदाचित म्हणेल, आई, तुमच्या फोटोत निदान अख्खं स्मारक तरी आलंय. मग रतन देवीबद्दल सांगा. सांगताना तुमचा आवाज कापला तर कापू दे, गज धरून उभं राहण्याची गरज नाही.

आणि फेब्रुवारीत बर्लिनला चांगलीच थंडी असते. त्या ठोकळ्यांच्या मधून वारा अंगावर येतो. तिचं जॅकेट नाशिकच्या थंडीचं असेल तर चालायचं नाही, थर्मल घेऊन ठेवा. दुकानात तिला बरोबर न्या.